रिह्याच्या खाचरातले हात

खरं सांगते, मला कुठेही जायचं नव्हतं. एका मालिकेचं काम सलग चार महिने करून पाठीचा पार खुळखुळा झाला होता आणि हा शनिवार-रविवार फक्त झोपायचं असं ठरवलं होतं. पण 'तो' सिनेमा पुन्हा निघतोय, या वेळी हिंदीत. जुनी ठिकाणं दाखवायला आणि जुन्या माणसांची गाठ घालून द्यायला नव्या दिग्दर्शकाने मला घेतलंय. सिनेमाचं नाव लिहीत नाही, करारात मनाई आहे. ज्यांनी पाहिलाय ते ओळखतीलच.

बावीस वर्षांपूर्वी मी त्या सिनेमावर कंटिन्युइटी बघत होते. म्हणजे आधीच्या शॉटमध्ये पदर कुठल्या खांद्यावर होता, कप किती भरलेला होता, हे वहीत टिपून ठेवायचं, नाहीतर पुढच्या शॉटला सगळं बदलतं. तसा आमचा सिनेमाही मूळचा नव्हे. दक्षिणेतल्या एका प्रेमकथेचा तो रिमेक होता. तिथली नायिका जाळं विणायची, आमच्या दिग्दर्शकाने तिला भातखाचरात उभी केली. नायक बांधावरून सांगतो, मी चाललो. ती वर बघत नाही, रोपं लावत राहते. कॅमेरा तिच्या हातांवर येतो, हात चिखलात क्षणभर थांबतात आणि पुन्हा लावणी सुरू होते. त्या थांबण्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली. नायिकेला त्या भूमिकेचं बक्षीसही मिळालं.

ते हात तिचे नव्हते. तिने लावलेलं प्रत्येक रोप आडवं पडायचं. शेवटी ज्यांचं खाचर होतं त्या बाईंनाच नायिकेचं लुगडं नेसवून उभं केलं. सेटवर आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. चाळीस दिवस मावशी इकडे या, मावशी जरा थांबा. शेवटच्या दिवशी मी त्यांना म्हटलं, मावशी, तुमचं नाव पडद्यावर येणार. उचलली जीभ, लावली टाळ्याला. श्रेयनामावली करायची वेळ आली तेव्हा वही उघडली, तर पानोपानी मावशीच. नायिकेच्या बांगड्या किती ते मी तीनतीनदा लिहिलं होतं आणि या बाईचं नाव एकदाही विचारलं नव्हतं. त्यांच्या रिहे गावात फोन करून विचारता आलं असतं. कंटाळा केला. 'भातलावणी: मावशी, रिहे' असं लिहून यादी पाठवली, आणि मावशी हे काय नाव झालं म्हणून ऑफिसातल्या कुणीतरी ती ओळ काढून टाकली. चहावाल्याचं नाव आलं, बैलजोडीच्या मालकाचं आलं. पहिल्या खेळाला हे माझ्या लक्षातही आलं होतं. मी बाहेर येऊन वडापाव खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या कामाला लागले.

तर या प्रवासात कामं दोन होती. एक कंपनीचं: पुढच्या लावणीला ते खाचर आणि मावशींचे हात मिळतील का ते विचारायचं. दुसरं माझं: त्यांचं नाव त्यांच्या तोंडून घ्यायचं. पहिलं जमलं नसतं तरी माझी झोप उडाली नसती.

शनिवारी सकाळी सातला कोथरूडहून स्कूटर काढली. तुम्ही जाणार असाल तर सहालाच निघा. चांदणी चौक पार होतो, पण भूगावात सगळं तुंबतं आणि डंपरच्या मागे धूळ खात उभं राहावं लागतं. मी पाऊण तास उभी होते आणि एकेकाची आठवण काढत होते. आमचा दिग्दर्शक आता शनिवार-रविवार अभिनयाची शिबिरं घेतो. नायक दागिन्यांच्या दुकानांची उद्घाटनं करतो, केस जरा जास्तच काळे झालेत. कॅमेरामन मुळशीच्या पाण्याकाठी प्री-वेडिंग शूट करतो आणि आमच्या सगळ्यांपेक्षा बरं कमावतो. नायिका मालिकेत सासू आहे. गेले चार महिने मी तिच्याच टिकल्या मोजत होते. एकदा मेकअप उतरवताना ती म्हणाली होती, "त्या बाईच्या हातांवर मी वीस वर्षं खाल्लं गं." मी वहीत डोकं घातलं.

पिरंगुटला मिसळ खाल्ली. तिखट बेताचं आहे, पाव ताजे. तिथून घोटावडे फाट्याला वळायचं. कारखाने, कंटेनर, मध्येच भाताचं शेत, पुन्हा कारखाना. घोटावडं मागे पडलं की रस्ता एकदम शांत होतो आणि रिह्याचं खोरं उघडतं. भात पिवळं झालं होतं, हवेत त्याचा गोडसर वास होता. हे सुंदर आहे, मान्य. पण दर दोनशे पावलांवर प्लॉट विकणे आहे अशी पाटी, आणि आमचा नायक ज्या बांधावर उभा राहून चाललो म्हणाला होता तिथे आता कुणाच्या तरी फार्महाऊसचं लोखंडी फाटक आहे. मावशींचं खाचर तेवढं शेजारी तसंच होतं.

उतरले मावशींच्याच घरी. त्यांची सून पल्लवी मागच्या दोन खोल्या भाड्याने देते. जेवणासकट दीड हजार, खोल्या स्वच्छ, गरम पाणी सकाळी नऊपर्यंतच. गावठी कोंबडी हवी असेल तर आदल्या दिवशी सांगा. मोबाईलला रेंज नाही, हे मी फायद्यातच धरते. पल्लवीला शूटिंगचं कळल्यावर कोण आनंद. नवरा घोटावड्याला कारखान्यात जातो, शेतात एकट्या सासूबाई असतात, कापणीला माणसं मिळत नाहीत असं ती सांगत होती. मी बॅग टाकली आणि खाचराकडे गेले.

मावशी वाकून भात कापत होत्या. केस सगळे पांढरे, पण विळा तसाच चालत होता. मी कोण ते सांगायला तोंड उघडलं, तर त्या मान वर न करता म्हणाल्या, "वहीवाली न्हवं का तू?"

चहापाणी, ख्यालीखुशाली काही न करता मी सरळ विचारलं की मावशी, तुमचं नाव काय. वरातीमागून घोडं, तेही बावीस वर्षांनी. त्यांनी पेंढी खाली ठेवली आणि कशाला म्हणून विचारलं. नवा सिनेमा निघतोय, लावणीला पुन्हा तुमचेच हात हवेत, आणि या वेळी नाव येणार म्हणजे येणार, मी स्वतः बघणार, असं मी एका दमात सांगून टाकलं.

मग त्यांनी मला त्या दिवसाचं सांगितलं. कापता कापता, रागाने नाही. मालकांनी म्हणजे त्यांच्या नवऱ्याने टेंपो ठरवला होता. घरची, भावकीतली, शेजारची मिळून चौदा माणसं पुण्याला सिनेमाला गेली होती. सगळे उठले तरी हे लोक बसून राहिले, नावं वाचत. वाचता फक्त थोरल्या दिराला यायचं. तो एकेक नाव मोठ्याने वाचत होता. पडदा पांढरा झाला, झाडूवाला आला, तरी मालक म्हणत होते की अजून येईल. गावात पुढे कितीतरी वर्षं त्यांना 'काय हिरॉइन' म्हणून हाक मारायचे. मालक गेले त्याला आता सहा वर्षं झाली.

मी बांधावर बसून ऐकत होते. माफ करा म्हणाले, पण ते इतकं तोकडं वाटलं की दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं की त्या शॉटमध्ये तुमचे हात थांबले ते दिग्दर्शकाने सांगितलं होतं का. आता मात्र त्या हसल्या. चिखलात खेकड्याने बोट धरलं होतं. आधीचा शॉट त्यांनी वर बघितल्यामुळे वाया गेला होता आणि रीळ लई महाग असतं असं कुणीतरी ओरडून सांगितलं होतं. म्हणून त्यांनी हात बाहेर काढला नाही. खेकड्याने सोडल्यावर पुढचं रोप लावलं. विरहाच्या त्या क्षणावर मी स्वतः एका मासिकात लेख लिहिलाय, हे मी त्यांना सांगितलं नाही.

संध्याकाळी भाकरी, पिठलं आणि घरच्या आंबेमोहराचा भात. थकव्याने घास उचलवत नव्हता, तरी दोनदा घेतला. जेवताना मी पुन्हा नावाचा विषय काढला. मावशी ताटातच बघत म्हणाल्या, "हात घ्या. खाचर बी घ्या. नाव न्हाई द्यायची मी." पल्लवीने मागून मला खुणावलं की आधारकार्डाची झेरॉक्स देऊ का. क्षणभर मोह झाला, का खोटं बोलू. पण मान हलवून नको म्हटलं.

रविवारी सकाळी खोलीचे पैसे दिले, स्कूटरला बॅग बांधली. मावशी पहाटेच शेतात गेल्या होत्या. खाचर मिळालं होतं, हात मिळाले होते, कंपनीचं काम झालं होतं. पौडला जाऊन फोनवर तेवढं कळवायचं आणि घर गाठायचं असा बेत होता. पौडच्या स्टँडवर चहा घेतला तोच फोन वाजायला लागला. दिग्दर्शक. मुलगा चांगला आहे, नम्र आहे. "मॅम, वो पॅडीवाला सीन हमने ड्रॉप किया है," म्हणाला. नवी नायिका आता होमस्टे चालवते, नायक आयटीतला, आणि तो जातो तेव्हा ती चादरी वाळत घालत असते. व्हिज्युअली फ्रेश आहे, मॅम. तुम्ही काही प्रॉमिस तर केलं नाही ना कुणाला?

मी म्हटलं, बघते.

पौडहून घर सरळ रस्त्याने तास-सव्वा तास. रिहे उलट्या दिशेला. पाठ अशी ठणकत होती की स्कूटर स्टँडवरून काढताना डोळ्यांत पाणी आलं. मनात आलं, पल्लवीला मेसेज टाकला तरी चालेल, रेंजमध्ये आली की वाचेल. शूटिंगला अजून आठ महिने आहेत, तोवर काय काय बदलतं, आपोआप विसरतील. बावीस वर्षांपूर्वी मी हाच हिशेब केला होता. फार शहाणपणाने नाही, चरफडतच मी गाडी परत घोटावड्याकडे वळवली.

मावशींना खाचरातच गाठलं. सीन काढला, हात नकोत, खाचर नको, नाव यायचा प्रश्नच नाही, आणि काल मी पुन्हा भरवसा दिला होता, असं सगळं सांगून टाकलं. त्यांनी विळा पेंढीत खोचला, पदराने तोंड पुसलं. होमस्टेचं सांगितल्यावर म्हणाल्या की बरं झालं, पल्लवीचं तरी काही होईल. मग विचारलं, एवढंच सांगायला तू माघारी आलीस का. मी हो म्हटलं.

"हितं बस," त्या म्हणाल्या. आम्ही बांधावर बसलो. त्यांनी कळशीतलं पाणी मला आधी दिलं.

"अनसूया," कळशी बाजूला ठेवत त्या म्हणाल्या. "घे. आता तुला त्याचा काय उपेग न्हाई, म्हनून देतीया."

मग म्हणाल्या की माहेर सुटल्यापासून त्या नावाने कुणी हाक मारलेली नाही. आधी सूनबाई, मग शंकरची आई, मग आमची मावशी. मालक तर नुसतं अगं म्हणायचे. टेंपो केला तेव्हा त्यांना म्हणे पडद्यावर बायकोचं नाव बघायचं होतं, कारण स्वतः कधी घेतलं नव्हतं. हे ऐकताना मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं.

जायला उठले तेव्हा त्यांनी विचारलं, "आन तुजं गं? तुजं तरी मला कुटं ठावं हाय."

मी सांगितलं. त्यांनी ते एकदा तोंडाने म्हणून बघितलं आणि बरं हाय म्हणाल्या.

घरी पोचायला दुपारचे चार वाजले. दोन दिवस अंथरुणातून उठले नाही. काम सोडलेलं नाही, तेवढी चैन मला परवडत नाही. चादरी वाळत घालायच्या सीनला जागा शोधायची आहे आणि पल्लवीच्या खोल्यांमागचं अंगण मी सुचवलंय. तिचं पूर्ण नाव, सासरच्या आडनावासकट, मी त्याच दिवशी विचारून लिहून घेतलं. सिनेमात आता आपलं नाव नकोच, असं अनसूयाबाईंचं म्हणणं आहे. तू फिरलेलं लिहितेस त्यात लिही म्हणाल्या, म्हणून इथे लिहिलं.

तुमच्यापैकी बरेच जण सोबतचे फोटो बघून जालच, मला माहीत आहे. कापणी झाल्यावर जा, म्हणजे त्यांना बोलायला सवड असेल. आणि वयाने मोठ्या आहेत म्हणून सवयीने मावशी म्हणू नका. अनसूयाबाई म्हणा.