खाऱ्या पाण्याचं दुखणं

हौसा तशी कुणाला भिणारी बाई नाही. धरमतरच्या खाडीकाठी मिठागरात वर्षानुवर्षं मीठ ओढतेय, मुकादमाला तोंडावर सुनावते, साप निघाला तर फावड्यानं उडवते. पण यंदा अंगावरून पिवळं, वास मारणारं पाणी जायला लागलं, खाजेनं जीव नकोसा झाला, लघवीला बसलं की आग व्हायची, आणि या बाईच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगो, खाऱ्या पाण्याचं दुखणं ते," तिच्या जोडीनं मीठ ओढणारी पुतळी म्हणाली. "दिवसभर पाण्यात उभं राहायचं, मग अंगावरून जाणारच. आगरातल्याच पाण्यानं धू, मरंल सगलं."

आता आगरातलं पाणी म्हणजे मीठ धरायच्या बेताला आलेलं, जिभेला लावलं तर जीभ सोलून निघेल असलं. पण तिथल्या बायका हेच करत आल्यात. डॉक्टरला दाखवायची लाज, आणि हे पाणी तर समोरच. हौसानं दातांत पदर धरून धुतलं. आग दुप्पट झाली, जायचं काही थांबलं नाही.

मग तिला मावशी आठवली. मावशीचंही असंच अंगावरून जायचं. मुंबईला नेली तेव्हा पिशवीचा कॅन्सर निघाला, आणि मावशी परत आलीच नाही. आता डॉक्टरला दाखवायलाच हवं होतं. नवरा पोपट मालवाहू बार्जवर कामाला, पंधरवड्यानं घरी यायचा. त्याला काय सांगणार, कप्पाळ? पेणच्या दवाखान्यात तर अर्धं गाव भेटणार. म्हणून निडीला बहिणीकडे जाते असं सांगून ती निघाली आणि थेट रोह्याला उतरली.

डॉक्टरीणबाईंनी आतून तपासलं, पाणी काचेवर घेऊन यंत्राखाली पाहिलं. "कॅन्सरचं काही दिसत नाही, हौसाताई," त्या म्हणाल्या. हौसा तिथंच रडायला लागली.

"डोळ्यांना न दिसणारा परजीवी आहे हा. मिठाच्या पाण्यानं होत नाही, शरीरसंबंधातून होतो. गोळ्यांनी बरा होतो. पण दोघांनीही घ्यायच्या, नाहीतर नवऱ्याकडून तुम्हाला परत होणार. आणि दोघंही बरी होईपर्यंत जवळ जायचं नाही."

"त्यांना तर कायबी होत नाय."

"पुरुषांना बहुतेकदा काहीच जाणवत नाही. महिनोन्महिने अंगात राहतो. कुणाकडून कुणाला गेला, ते तपासणीत कळत नाही."

झालं! कॅन्सरची भीती गेली आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली. म्हणजे पोपट विचारणार. तो पंधरा-पंधरा दिवस बाहेर, आणि बायकोनं असल्या दुखण्याच्या गोळ्या पुढ्यात ठेवल्यावर कुठला पुरुष गप्प बसेल? गावातल्या जनूनं नुसत्या संशयावर बायकोला घराबाहेर काढली होती, आणि गाव जनूच्याच बाजूनं उभं राहिलं होतं. येताना गाडीत तिच्या मनात आलं, गोळ्या कुटून कालवणात घालाव्या. पण हे कळलं तर मग मेलेच की.

पोपट आला, जेवला. त्याचा हात धुऊन होतो न होतो तोच तिनं गोळ्या पुढं केल्या.

"अवो, ह्या घ्याच्यात तुमाला. ते खाऱ्या पाण्याचं नाय. नवरा-बायकोतनं होतंय. दोघांनी घेतल्या तरच जाईल, डॉक्टरीण म्हणाली."

एकवीरेची शपथ तिनं ओठांवर आणून ठेवली होती. त्यानं तोंड उघडलं की घालायची, पाय धरायला लागले तर पाय धरायचे, पण घर सोडायचं नाही.

पोपटनं गोळ्यांकडं पाहिलं. तिच्याकडं पाहिलं नाही. कुठून आलं, कसं आलं, एक शब्द विचारला नाही. तांब्या उचलला, गोळ्या गिळल्या आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.

हौसा तशीच उभी. त्यानं मारलं असतं तरी तिला एवढं लागलं नसतं. ज्याला ठाऊक असतं, तो कशाला विचारील?

"विचारा ना मला," ती म्हणाली. "कुठून आलं ते विचारा."

पोपटनं गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.