कुमुदिनीबाईंचा बर्फातला माणूस

बदलापूर पूर्वेला, शिरगावातल्या एका सोसायटीत कुमुदिनी रोकडे एकट्या राहतात. त्यांची सगळी नोकरी अंबरनाथच्या एका पंख्यांच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर झाली. पंखा जरासा कुरकुरला तरी बाई तो परत पाठवायच्या. सुपरवायझर हातापाया पडला तरी पासचा शिक्का मिळायचा नाही. नवरा गेला तेव्हा मुलगा विक्रांत बालवाडीत होता. दिरांनी, भावांनी मदतीचे हात पुढे केले, ते बाईंनी गोड बोलून मागे सारले आणि पोराला एकटीनं वाढवलं. याचा त्यांना फार अभिमान आहे आणि तो त्या लपवत नाहीत. जरा लपवला असता तर शेजाऱ्यांचे कान सुखी राहिले असते.

निवृत्तीनंतर माणसं गुडघ्यांकडे लक्ष देतात किंवा सुनेकडे. बाईंचे गुडघे ठणठणीत होते आणि सून अजून यायची होती. विक्रांत नोकरीसाठी हैदराबादला गेला, जाताना जुना कॉम्प्युटर घरी ठेवून गेला, आणि त्यात एक गेम होता. बर्फाच्या मुलखात एक माणूस एकटा अडकलेला. त्याला लाकडं गोळा करायची, चूल पेटवायची, मासे धरायचे, लांडग्यांपासून लपायचं. भूक, थंडी आणि थकवा यांच्या तीन पट्ट्या कोपऱ्यात दिसत राहतात. माणूस मेला की खेळ पुसला जातो, पुन्हा पहिल्यापासून. बाईंनी उल्हासनगरला जाऊन मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड आणला आणि रोज दुपारी, जेवण आटोपलं की, त्या बर्फात उतरू लागल्या.

सुरुवातीला माणूस पटापट मरायचा. कधी नदीत पडून, कधी लांडग्याच्या तोंडी. तो मेला की बाई संध्याकाळचा चहासुद्धा सोडायच्या. मे महिन्यात विक्रांत सुट्टीवर आला तेव्हा त्यानं हे पाहिलं. तो परत गेला, आणि काय आश्चर्य, बाईंचा माणूस मरेनासा झाला. आषाढ आला, श्रावण आला, पठ्ठ्या टिकून! बाईंना वाटलं, हात बसला.

आषाढी पौर्णिमेला बौद्धांचा वर्षावास सुरू झाला. ते तीन महिने बाई दर पौर्णिमेला अष्टशील, म्हणजे आठ नियमांचं व्रत घेतात, दुपारी बारानंतर अन्नाचा कण तोंडात घालत नाहीत. या वर्षी त्यांनी बर्फातल्या माणसालाही उपासाला बसवलं. आपण उपाशी आणि तो समोर मासे भाजून खातोय, हे त्यांना बरं दिसेना. त्याची भुकेची पट्टी खाली खाली जायची, बोटभर उरायची आणि तिथेच थांबायची. रविवारी विहारात त्यांनी बायकांना सांगितलंसुद्धा, "उपासानं माणूस मरत नाही बायांनो, हावरेपणानं मरतो. माझाच बघा." बायकांनी माना डोलावल्या. कुमुदिनीबाईंसमोर मान डोलावणं सोपं असतं.

भाद्रपदातल्या पौर्णिमेला वरच्या मजल्यावरची जिज्ञासा खिरीची वाटी घेऊन आली. कॉलेजात जाणारी पोरगी, हा गेम तिला तोंडपाठ. वाटी ठेवता ठेवता तिनं पडद्याकडे पाहिलं.

"जय भीम काकू. याला खायला नाही दिलं?"

"आज पौर्णिमा. उपास आहे त्याचा."

"कधीपासून?"

"दुपारी बसले तेव्हापासून."

जिज्ञासाला हसू आवरेना. "काकू, तुमची एक दुपार म्हणजे त्याचे पाच-सहा दिवस! एवढं उपाशी राहिला तर मरतोच तो. पक्का मरतो." मग तिनं माउस हातात घेऊन सेटिंग उघडलं आणि हसणं थांबवलं. "काकू, चीट ऑन आहे. हा मरूच शकत नाही. विक्रांतदादानं केलं असेल."

जिज्ञासा गेल्यावर त्यांनी हैदराबादला फोन लावला.

"तू केलंस?"

"काय? अच्छा, ते! अगं आई, तू मेलीस की चहा सोडायचीस. मला बघवेना. आणि एकटीनं खेळायचा गेम आहे, समोर कोणी नाही. चीटिंग केली तर फसलं कोण?"

"मी."

"आई, टाइमपास आहे यार तो."

"तुझा टाइमपास असेल. मला वाटलं, मी जगले." बाईंनी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी जिज्ञासानं चीट काढून दिलं. काढताना ती घाबरत म्हणाली, "काकू, मीपण करते हां. मला घरं बांधायला आवडतात, लांडग्यांची कटकट कोण घेणार?"

"तू करतेस ते तुला माहीत असतं ना? मग कर की बिनधास्त," बाई म्हणाल्या. "मला कोणी विचारलं होतं?"

आता भुकेची पट्टी खरी होती. बाई खऱ्या घाबरल्या आणि, सांगायला हरकत नाही, खेळायला आधीपेक्षा जास्त मजा येऊ लागली. पण आश्विन पौर्णिमा तोंडावर आली होती, वर्षावासाची शेवटची. नेम तर तिन्ही महिन्यांचा धरलेला.

"त्या दिवशी खेळूच नका ना," जिज्ञासानं सुचवलं.

"रोज खेळायचं आणि अवघड दिवस आला की दांडी मारायची? कारखान्यात नाही मारली कधी."

"मग गुपचूप मासा खाऊ घाला. कोण बघतंय?"

बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं विषय बदलला.

बाईंनी तयारी मात्र कसून केली. आठवडाभर माणसाला पोटभर चारलं, गुहेत लाकडांचा ढीग लावला. पौर्णिमेच्या दुपारी त्याला चुलीपाशी बसवून ठेवलं, जरासुद्धा हलू दिलं नाही. पट्टी खाली आली, बोटभर उरली, बोटाखालीही गेली. भाजलेले मासे त्याच्या पिशवीत होते. बाईंचा हात दोनदा खाऊ घालायच्या बटणापर्यंत गेला आणि परत आला. उन्हं उतरली तेव्हा माणूस चुलीशेजारी आडवा झाला आणि पडदा पांढरा पडला.

त्यांनी चहा ठेवला, कोरा, आणि विक्रांतला फोन केला.

"गेला रे."

"आई, चहा सोडू नकोस हां! ऐक, काही गेलेलं नाही. अकाउंट माझं आहे, कालपर्यंतची कॉपी माझ्याकडे सेव्ह आहे. दोन मिनिटांत परत टाकतो."

"नको. मी मेलेय तर मला मरू दे. पुसून टाक ती."

"अगं, पण एवढ्या महिन्यांची मेहनत..."

"पुसून टाक विक्रांत. मी फोनवर आहे."

पलीकडे टकटक झाली. "पुसली."

बाईंनी चहा गाळला, एक घोट घेतला.

"खरंच पुसलीस?"



"थांब," तो म्हणाला. "आता पुसतो."