सोमवार सोडायचा भात

चांद्यात आम्ही ज्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो, त्या आक्का कडी वाजवत नाहीत. थेट स्वयंपाकघरात येतात, पातेल्यावरचं झाकण उचलतात आणि मग विचारतात, "हायेत का घरी?" त्यांना आवडेल असं आमच्याकडे अजून काही शिजलेलं नाही.

लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा ती नुसत्या चहावर होती. तिला इटालियन आवडतं, म्हणून एका संध्याकाळी मी रिझोतो करायला घेतला. मोबाईलमध्ये बघत, थोडं थोडं गरम पाणी घालत भात ढवळला. हात भरून आला, आणि लेक खोलीतूनच म्हणाली, "भूक नाही, बाबा."

तेवढ्यात आक्का आल्या. झाकण उचललं. "एवढा आसट भात? कोन आजारी हाय?"

मी खोलीकडे नुसतं बघितलं. लग्नाचं त्यांना ठाऊक होतं.

"कांदा घातलाय?"

"घातलाय, आक्का." सोमवारी त्यांना कांद्याचा वाससुद्धा चालत नाही.

"आसू दे." दोन ताटल्या वाढून घेऊन त्या खोलीच्या दारात फतकल मारून बसल्या. "पोरी, सोमवार हाय माजा. हितंच सोडते. पर एकटीनं उपास सोडत न्हाई मी. ये संगं."

उपाशी म्हातारीला ताटकळत कोण ठेवणार? लेक आली. आक्कांनी कसेबसे दोन घास गिळले आणि लेकीची ताटली रिकामी होईपर्यंत बसून राहिल्या.

जिन्यात मला म्हणाल्या, "पोरगी जेवली, लई झालं. आता खाली जाऊन भाकरी खाते. ह्यो भात काय माज्या गळ्याखाली उतरंना."