फुकटच्या पत्त्यांची गड्डी

"समोरच्याला दम खाऊ द्यायचा न्हाई, वस्ताद," असं म्हणून अप्पा मोबाइल माझ्या दुकानाच्या काचेवर आडवा ठेवायचे. मग डाव्या हातानं स्वतःच्या उजव्या हाताचं मनगट गच्च धरायचे आणि बोट पडद्यावर टेकवायचे. पत्ता पुढे सरकायचा. समोरच्याचा जीव थोडा कमी व्हायचा. अप्पा हसायचे नाहीत. फक्त "हां" म्हणायचे आणि पुढचा पत्ता बघायचे.

पन्नाशी ओलांडलेला माणूस, कपाळावर भस्म, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, आणि भर दुपारी मोबाइलवर पत्ते खेळायला बसलेला. सोनपेठच्या बाजारात तुम्ही असता तर तुम्हीही क्षणभर थांबून बघितलंच असतं. बरेच जण थांबायचे. अप्पा मान वर करत नसत.

माझं वह्या-पुस्तकांचं दुकान. शेजारी अप्पांचा फोटो स्टुडिओ. आमच्या भागातली कितीतरी लग्नं त्यांनी काढली. पोखर्णीच्या नरसिंहाला कुणाचं जावळ असलं की गाडीत पहिली जागा अप्पांची असायची. नवरी रुसलेली असो की नवरदेव घाबरलेला, अप्पा कॅमेऱ्यामागून काहीतरी पुटपुटायचे आणि चेहरे सैल व्हायचे. काय पुटपुटायचे ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

त्यांचा एक भागीदार होता. वयानं बराच लहान. अप्पांनीच त्याला कॅमेरा धरायला शिकवलं, मग धंद्यात अर्धा वाटा दिला. पोरगा हुशार, बोलघेवडा. ड्रोन उडवणं, व्हिडिओ जोडणं, सगळं झपाट्यानं शिकला.

मग अप्पांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी करंगळी, मग पूर्ण पंजा. परभणीच्या डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला. बरा होणार नाही, सांभाळून राहा, म्हणाले. त्या दिवशी अप्पांना गाडीवर बसवून डॉक्टरकडे नेणारा तो भागीदारच होता. डॉक्टर बोलत होते तेव्हा तो शेजारच्या खुर्चीवर बसलेला होता. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

काही महिन्यांत भागीदार वेगळा झाला. रस्त्यापलीकडे काचेच्या दाराचा नवा स्टुडिओ टाकला. तिथवर ठीक होतं, माणसं वेगळी होतात. पण गिऱ्हाइकं अप्पांकडे परत जाऊ नयेत म्हणून त्यानं एक गोष्ट केली. त्याला मोबाइलवरच्या एका पत्त्यांच्या खेळाचा नाद होता. रोज दुपारी स्टुडिओत बसून तो खेळ लाइव्ह दाखवायचा. गावातली पोरं बघायची, लग्न ठरलेली घरंही बघायची. एकदा कुणीतरी विचारलं, अप्पा कुठे असतात हल्ली? त्यावर हा हसला. अंगठा तोंडाकडे नेऊन बाटलीची खूण केली आणि म्हणाला, "अप्पांचे हात बघितले न्हाईत का तुमी? संध्याकाळचे तर लयच हलतात."

अप्पांनी उभ्या आयुष्यात दारूच्या दुकानाच्या फळीला हात लावलेला नव्हता. पण हलणारा हात सगळ्यांना दिसत होता आणि कारण आता मिळालं होतं. लग्नाच्या सुपाऱ्या थांबल्या. एक दिवस त्यांचा मेहुणा घरी आला, पाया पडायला वाकला आणि उठताना अप्पांच्या तोंडाजवळ नाक आणून क्षणभर थांबला.

"वास घेतला त्यानं माझा," अप्पांनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. "माझ्या घरात. माझ्या बायकोसमोर."

त्यांनी माझ्या मोबाइलकडे बोट केलं. मग म्हणाले, "तुमी खेळता ना तो खेळ? मला शिकवा."

मी रिकामपणी खेळायचो, खरं आहे. पण अप्पांनी शिकावं म्हणजे काय हे मला कळेना. "अप्पा, कामून?"

"शिकवा म्हणलं ना." त्या दिवसापासून मी त्यांचा वस्ताद झालो.

खेळ सोपा आहे. दोघांनी आपापली गड्डी लावून समोरासमोर यायचं. दोघांना सारखाच जीव असतो, तो आधी ज्याचा संपेल तो हरला. दर पाळीला थोडी थोडी ताकद वाढते. मोठे पत्ते जास्त ताकद मागतात म्हणून उशिरा उतरतात, पण उतरले की समोरच्याला भुईसपाट करतात. हे मोठे पत्ते पैसे मोजून घ्यावे लागतात. भागीदाराकडे ते सगळे होते. एकेक राक्षस, सोनेरी चौकटीतला.

"फुकटात काय मिळतं?" अप्पांनी विचारलं.

"लहान पत्ते. कुत्री, लांडगे, भालेवाले. एका फटक्यात मरतात, अप्पा. त्यांच्यावर कुणी जिंकत न्हाई."

"पण उतरतात लवकर?"

"पहिल्याच पाळीला."

"मग झालं की. त्याचे मोठे उतरायच्या आत संपवायचं."

अशी ती गड्डी बनली. तिच्यात बचाव नावाचा एकही पत्ता नव्हता. मी एकदा सुचवलं, एखादी भिंत ठेवा, एखादा जीव वाढवणारा ठेवा. अप्पा म्हणाले, "मला वाचायचं न्हाई, वस्ताद. त्याला मारायचंय." खेळात नाव द्यावं लागतं. त्यांनी नाव दिलं 'पाणी'. "मी पितो ते एवढंच," म्हणाले.

सुरुवातीला ते भरपूर हरले. हात हलला की पत्ता भलतीकडे पडायचा. चिडून ते हातालाच शिव्या द्यायचे. मग मनगट धरायची ती रीत सापडली. हळूहळू डाव लवकर संपायला लागले, आणि संपवणारे अप्पा असायचे. त्यांच्या घरच्या, आमच्या वहिनी, जेवायला हाक मारून थकायच्या. स्टुडिओत गिऱ्हाईक नसायचंच. मला कधी कधी काळजी वाटायची आणि खरं सांगतो, कधी कधी मजाही यायची. एवढ्या शांत माणसाच्या आत एवढा विस्तव असेल असं तुम्हाला वाटलं नसतं.

एका दुपारी भागीदार लाइव्ह असताना त्यानं बघणाऱ्यांना आव्हान दिलं. या कुणीही. अप्पा माझ्या दुकानात बसूनच डावात उतरले. राक्षस उतरायच्या आत डाव खलास. भागीदार हसला, म्हणाला, नशीब. दुसऱ्या दिवशी 'पाणी' पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही. बघणारी पोरं लिहायला लागली, भाऊ, पाणी आलं, पाणी आलं. भागीदाराचा चेहरा मोबाइलवर लाल होताना आम्ही बघायचो आणि नजर उचलली की तोच चेहरा रस्त्यापलीकडच्या काचेतून दिसायचा.

"कोण हाय हा पाणी? हिंमत असंल तर समोर ये म्हणावं!" तो एकदा ओरडला.

अप्पांनी मोबाइल खिशात घातला. "चला, वस्ताद. बोलावलंय."

बाजाराचा दिवस होता. रस्ता ओलांडताना भाजीवाल्या बायकांनी पाट्या बाजूला घेतल्या. काचेचं दार ढकलून अप्पा आत गेले. लाइव्ह सुरूच होतं.

"पाणी मी हाय," अप्पा म्हणाले.

भागीदार उभा राहिला, मग बसला. "अप्पा, तुमी? या ना, बसा. चहा सांगतो."

"चहा नको. तीन डाव. मी हरलो तर स्टुडिओला कुलूप लावतो, गावात पुन्हा कॅमेरा धरत न्हाई. तू हरलास तर जे इथं बसून बोललास त्याचं खरं काय ते इथंच बसून सांगायचं. बघायलेत ना सगळे? त्यांच्यासमोर."

पोरं बघत होती. नाही म्हणायची सोय नव्हती. आणि समोर फुकटचे पत्ते होते, त्याच्याकडे सगळे राक्षस. तो हो म्हणाला.

पहिला डाव अप्पांनी झटक्यात घेतला. दुसऱ्यात भागीदार सावध झाला. भिंती उभ्या केल्या, मग राक्षस उतरवला, आणि अप्पांची कुत्री-लांडगे पाचोळ्यासारखी उडाली. दार अडवून माणसं उभी होती. कापूस विकून मानवतहून परतलेले शेतकरीही आत डोकावत होते. त्यांना खेळ कळत नव्हता, पण काय चाललंय ते बरोबर कळत होतं.

तिसऱ्या डावात अप्पा पुन्हा पुढे होते. भागीदाराचा जीव थोडाच उरला होता. अप्पांनी भालेवाला उचलला, थेट त्याच्यावर टाकणार, आणि मनगट धरलेल्या मुठीतून हात निसटला. भालेवाला भलत्याच पत्त्यावर जाऊन पडला. फुकट गेला.

भागीदार खदखदून हसला. पडद्याकडे बघत म्हणाला, "बघा! अजून उतरली न्हाई."

स्टुडिओत कुणी हसलं नाही. अप्पांनी त्याच्याकडे बघितलं. मी त्या नजरेसमोर बसलो असतो तर खेळ सोडून उठलो असतो. पण तो रंगात आला होता. त्याच्या हातात भिंतीचा पत्ता होता, तो टाकला असता तर वाचला असता. पण त्याला अप्पांना राक्षसानंच चिरडायचं होतं, लोकांच्या देखत. त्यासाठी एक पाळी थांबावं लागणार होतं. तो थांबला.

अप्पांनी उरलेला लांडगा टाकला. डाव संपला.

"आता बोल," अप्पा म्हणाले.

"अप्पा, खेळ हाय, मजाक हाय. कशाला मनाला लावून..."

"माझं नाव घेऊन बोल. डॉक्टर काय म्हणाला ते बोल. तू तिथं होतास हे बोल."

तो बोलला. आधी तोंडातल्या तोंडात. अप्पा म्हणाले, मोठ्यानं. मग तो मोठ्यानं बोलला. अप्पांना आजार आहे, ते पीत नाहीत, मला माहीत होतं, तरी मी बोललो. माझ्या मोबाइलमध्ये सगळं टिपलं जात होतं. अप्पांनी तसं आधीच सांगून ठेवलं होतं.

इथं गोष्ट संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण अप्पा थांबले नाहीत. ते चित्रीकरण त्यांनी चहाच्या टपरीवर दाखवलं, पारावर दाखवलं, लग्नघरी जाऊन दाखवलं. मेहुण्याला जेवायला बोलावलं. पोटभर वाढलं. मग मोबाइल त्याच्यासमोर धरून पूर्ण ऐकवलं, पुन्हा एकदा ऐकवलं, आणि स्वतःचं तोंड त्याच्या नाकाजवळ नेऊन म्हणाले, "आता घ्या वास." मेहुणा घास तसाच टाकून उठला. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या वहिनींनी त्याला थांबा म्हटलं नाही.

भागीदाराची कामं गेली. ती अप्पांकडे मात्र आली नाहीत, हात तर हलतच होता. लोक मानवतच्या फोटोवाल्यांना बोलवायला लागले. एक दिवस भागीदाराची बायको कडेवर लेकरू घेऊन आली. "अप्पा, ते पुसून टाका. लोक यांना तोंडावर बोलायलेत."

"तू बस, बाई. पाणी घे," अप्पा म्हणाले. "पण ते पुसणार न्हाई."

ती गेल्यावर मी म्हणालो, "अप्पा, झालं की आता."

"त्यानं बोललेलं मी कुठून पुसू, वस्ताद? लोकांच्या डोक्यातून?"

अप्पांनी मोबाइल पुन्हा समोर आडवा ठेवला.

पुढे आजार वाढला. दोन्ही हात गेले, मग चालणं गेलं. मी दुकान बंद करून त्यांच्याकडे जायचो. खाटेवर पडल्या पडल्या ते पत्ता सांगायचे आणि वहिनी मोबाइलवर बोट ठेवायच्या. वहिनींना त्या गड्डीतला एकेक पत्ता पाठ झाला होता. "लांडगा टाकू का?" त्या विचारायच्या, भाजीत मीठ टाकू का असं विचारावं तशा.

एका दुपारी भागीदार आला. दारात चप्पल काढून किती तरी वेळ तसाच उभा होता. हातात शहाळं. मला वाटलं, आता अप्पा विरघळणार. तुम्हालाही तेच वाटलं असतं.

"बस," अप्पा म्हणाले. आवाज खोल गेला होता. "एक डाव लाव."

खेळले. अप्पांनी सांगितलं, वहिनींनी टाकलं. थोड्या वेळात अप्पा जिंकले. भागीदार म्हणाला, "तुमीच भारी, अप्पा."

"फोन दाखव तुझा."

त्यानं कचरत दाखवला. अप्पांनी डोळे बारीक करून बघितलं. "भिंत हातात हाय. ताकद हाय. टाकली कामून न्हाई?"

"दिसली न्हाई, अप्पा."

"दया करायलास माझ्यावर?" अप्पांचं सगळं अंग हलायला लागलं. आजारानं की रागानं, मला सांगता येणार नाही. "तू? माझ्यावर? निघ. ते शहाळंबी ने."

तो रडत होता. वहिनींनी शहाळं उचलून त्याच्या हातात दिलं. तो गेल्यावर अप्पांनी डोळे मिटले आणि मला म्हणाले, "मला खरंच हरवलं असतं तर बसवून घेतला असता त्याला."

पाऊसकाळ संपता संपता अप्पा गेले.

इष्टलिंग धारण करणाऱ्यांत गेलेल्या माणसाला बसवून नेतात. फुलांच्या माळांत अप्पा ताठ बसलेले, कपाळभर भस्म. भजन सुरू झालं, मंडळी निघाली, आणि गल्लीच्या तोंडाशी भागीदार दिसला. गळ्यात मोठा कॅमेरा. कुणी बोलावलं नव्हतं. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि अप्पांच्या समोर एक गुडघा टेकून बसला. अप्पांनीच त्याला तसं बसायला शिकवलं असणार.

वहिनी बायकांतून बाहेर आल्या. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी कॅमेऱ्याच्या काचेवर आपला पंजा पालथा ठेवला.

"तू न्हाई," त्या म्हणाल्या.

भजन क्षणभर थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. भागीदारानं कॅमेरा खाली घेतला. लोक त्याला वळसा घालून पुढे निघाले. आमच्या सगळ्यांच्या खिशांत मोबाइल होते, पण वहिनींचा तो हात बघितल्यावर कुणी काढला नाही. एवढी लग्नं काढलेल्या माणसाच्या शेवटच्या वाटेचा एकही फोटो कुणाकडे नाही. मी वळून बघितलं तेव्हा भागीदार गल्लीच्या तोंडाशी तसाच गुडघ्यावर होता, आणि बाजारातून आलेली एक म्हातारी त्याला वाटेतून उठायला सांगत होती.