अण्णांनी पाहिलेली दरी

आमच्या माहेरी सहलीला जायचे दिवस म्हणजे गणपती होऊन गेल्यानंतरचे. मे महिन्यात सगळं जग माथेरान-महाबळेश्वर करतं, तेव्हा पेणच्या कारखान्यांत मूर्तींच्या रांगा वाळत असतात आणि माझ्या वडिलांना जेवायलासुद्धा हाका मारून उठवावं लागतं. अण्णा आखणी करतात. मूर्ती कोणी दुसरा घडवतो, रंग कोणी तिसरा देतो, आणि शेवटी अण्णा बारीक कुंचला घेऊन तिचे डोळे काढतात. तोवर ती नुसती मूर्ती असते. डोळे आखले की ती आपल्याकडे बघायला लागते. चाळीस वर्षं त्यांनी एवढंच काम केलं, आणि त्यांच्या आखणीला कोणी कधी नाव ठेवलं नाही.

त्यामुळे लहानपणी मी थंड हवेचं ठिकाण पाहिलंच नाही. गणपती उठले की अण्णांना झोप काढायची असायची आणि मला शाळा. "जाऊ गो, डोंगर काय पळून चाललाय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मी लग्न होऊन रोह्याला आले, नवरा धाटावला कंपनीत, त्याच्या शिफ्ट सांभाळण्यात माझी वर्षं गेली. डोंगर खरंच कुठे पळाला नव्हता. आम्हीच गेलो नव्हतो.

गेल्या वर्षी मात्र मी हट्टाला पेटले. एक तर अण्णांचा उजवा हात दुखत होता. आदल्या दिवाळीपासून तेच ऐकत होते, हात दुखतो, कुंचला धरवत नाही, थोडं काम दुसऱ्यांना दिलंय. विश्रांती हवी होती त्यांना. दुसरं कारण सांगायला लाज वाटते. मी त्यांच्याशी वाकड्यात शिरले होते आणि ते मला निस्तरायचं होतं.

झालं असं, की आमच्या घरचा गणपती दर वर्षी पेणहून येतो आणि त्याचे डोळे अण्णाच आखतात. गेल्या वर्षी पाटावर बसवून तोंडावरचं वस्त्र काढलं, तर देव समोर बघेचना. दोन्ही डोळे एका बाजूला. सासूबाई म्हणाल्या, "यंदा बाप्पाला भूक फार लागलेली दिसते, सगळं लक्ष स्वयंपाकघराकडं हाय." घरभर हसले. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथल्या तिथे पेणला फोन लावला. "जगाचे गणपती सरळ बघतात अण्णा, लेकीच्याच गणपतीला वेळ नव्हता वाटतं?"

अण्णा म्हणाले, "चुकलं गो."

अण्णा चुकलं म्हणणारा माणूस नाही. तिथेच मला शंका यायला हवी होती. पण मी रागात होते, आणि रागात मला काही दिसत नाही.

तर असे आम्ही चौघं माथेरानला निघालो. आई, अण्णा, मी आणि नवरा. अण्णांच्या हातासाठी मी रोह्याहून एका वैद्यांकडून तेलाची बाटली घेतली होती. दस्तुरीच्या पुढे गाड्या जात नाहीत, तिथे गाडी ठेवली आणि लाल चिखलातून पायी निघालो. अण्णांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला तो सोडलाच नाही. पेणच्या बाजारात हा माणूस आईच्या दहा पावलं पुढे चालतो. मी म्हटलं, "काय अण्णा, एवढ्या वर्षांनी हनिमून का?"

"घसरतात ते, चिखल हाय," आई म्हणाली, माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका पॉइंटवर गेलो. पाऊस नव्हता, पण धुकं असं की हात लांब केला तर स्वतःच्या बांगड्या दिसेनात. कठड्याशी पुण्याकडचं एक कुटुंब वाट बघत उभं होतं. नवरा कणसं आणायला गेला. अण्णा आईला धरून कठड्यापाशी आले, दोन्ही हातांनी तो पकडला, मान उंच केली आणि मोठ्यांदा म्हणाले, "वा! काय दरी हाय! खाली नदी बघ गो, कशी चमकते!"

मला वाटलं, गंमत करतायत. त्यांना ती खोड आहेच.

शेजारची बाई म्हणाली, "आजोबा, कुठे आहे नदी? आम्हाला तर काहीच दिसत नाहीये."

"नीट बघा बाई. ही काय, समोर तर हाय." अण्णांनी बोटसुद्धा दाखवलं.

ती माणसं हसायला लागली. मीही हसत आईकडे वळले. आई हसत नव्हती. ती अण्णांच्या सदऱ्याची बाही हळूच ओढत होती.

मी जवळ गेले आणि हळू म्हटलं, "अण्णा, धुकं आहे. कोणालाच काही दिसत नाहीये."

कठड्यावरची त्यांची बोटं सैल पडली. "धुकं हाय?"

"हो."

"सगळ्यांनाच?"

"सगळ्यांनाच."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मला वाटलं, माझंच..." ते म्हणाले.

तेवढ्यात वारा सुटला. धुकं फाटत गेलं आणि बघता बघता समोर दरी उघडली. हिरवीगार, तळाशी पाण्याची रेघ असलेली. सगळे ओरडले, मोबाइल वर झाले. अण्णांनी ओरडणाऱ्यांच्या दिशेने मान वळवली.

"हटलं काय?"

"हटलं, अण्णा."

"नदी हाय?"

"आहे."

"मंग मी काय खोटं नाय बोललो," ते म्हणाले. त्यावर मला हसू आलं आणि लगेच रडू.

बाकड्यावर बसल्यावर आईने सगळं सांगितलं. आदल्या दिवाळीपासून अण्णांना सगळं पांढरट, दुधातून बघितल्यासारखं दिसत होतं. मोतीबिंदू असणार हे दोघांनाही कळत होतं. पण आखणी करणाऱ्याचे डोळे गेले असं एकदा कारखान्यात कळलं की पुन्हा कोण बोलावणार? म्हणून डोळ्यांचं दुखणं त्यांनी हातावर ढकललं. कोणी भेटायला आलं की आई त्यांच्या धडधाकट हाताला तेल चोळत बसायची. मला सांगायचं नाही, म्हणून तिला शपथ घातली होती.

"मग ऑपरेशन का नाही केलं?" मी विचारलं.

"भ्या वाटतं गो," अण्णा म्हणाले. "डोळा बिघडला तर जो थोडा हाय तोपण जायचा."

मग मला जे विचारायचं नव्हतं ते मी विचारलं. "आणि आमचा गणपती?"

अण्णा जरा वेळ कणसाचे दाणे सोलत बसले. "यंदा तेवढा एकच आखला. बाकीचे दुसऱ्यांच्या हातात सोडले, गिऱ्हाइकाला वाकडा देव कसा देणार? पण तुझा सोडवंना. बोटानं डोळ्याची खोबण चाचपली न अंदाजानं आखला. सरळ झाला असंल असं वाटलं व्हतं."

मी त्या परक्या माणसांसमोर हमसून रडले. फोनवरचे माझे शब्द मला परत घेता येत नव्हते. अण्णाच माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "पुरे गो. तेल आणलंयस ना? आण, गुडघ्याला लावतो."

दिवाळीआधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, नंतर दुसऱ्याचं. दोन्ही वेळा मी त्यांच्याजवळ होते आणि दोन्ही वेळा ते मला म्हणाले, घाबरू नको. आता ते पुन्हा कारखान्यात बसतात. पूर्वीइतक्या मूर्ती होत नाहीत, पण होतात.

मध्यंतरी रोह्याला आले होते. चहा झाला आणि म्हणाले, "गेल्या वर्षीच्या गणपतीचा फोटो असंल तुझ्याकडं. दाखव."

मी टाळायला बघितलं. ते हात पुढे करून बसून राहिले. शेवटी दिला मोबाइल. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, पार डोळ्यांपर्यंत, आणि किती तरी वेळ बघत बसले.

"वाकडा झाला की गो," ते म्हणाले. "पार डावीकडं बघतोय."

"डावीकडे आमचं स्वयंपाकघर आहे, अण्णा. पाचही दिवस मी तिथेच होते. माझ्याकडेच बघत होता."