मोतद्दाराचं नाव

पाहुणी येणार म्हणून मी साहेबाच्या थडग्याला पांढरा ऑइल पेंट मारून घेतला. तोही दोन हात. दगडावरची इंग्रजी अक्षरं त्यात पार बुजली, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा विलायतेहून आलेली म्हातारी बाई चष्मा पुसत दगडासमोर उभी होती. वीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेला मी. पण तोंडातून निघालं ते नुसतं 'सॉरी'.

साहेब तिच्या पणजोबांचा धाकटा भाऊ. तिकडे जहागीर, महाल, शिकारीचं रान. इकडे घोडदळाची तुकडी घेऊन मेहकराकडे निघालेला असताना आमच्या शिवारात पटकीनं गेला. तुकडी भिऊन पुढे निघून गेली होती. जवळ राहिला तो फक्त त्याच्या घोड्याची निगा राखणारा मोतद्दार, माझ्या वडिलांचा आजा. शेवटचं पाणी त्यानंच पाजलं, असं आमच्या घरात सांगत आलेत. तेव्हापासून सर्वपित्री अमावस्येला आमच्याकडे पितरांच्या शेजारी एक पान साहेबाचंही वाढतात. साहेबाला उकडलेलं अंडं लागतं. ते बायको अंगणात तीन विटांवर उकडते आणि पितरांना दिसू नये म्हणून पदराखाली झाकून आणते.

दगड काही वाचता येईना. मग हाच तो साहेब, याची खात्री करायला बाईनं घरी आल्यावर पिशवीतून त्याची वही काढली. तो गेल्यावर सामानाबरोबर विलायतेला पोचलेली. मी पेंट मारला नसता तर ती वही पिशवीतच राहिली असती.

वडील शहाऐंशीचे. खाटेवर बसून सगळं ऐकत होते. म्हणाले, "माह्या आज्याचं नाव हाय का त्यात, पाय बरं."

आयुष्यभर त्यांनी ते पान वाढलं होतं. त्या बदल्यात मागितलं ते एवढंच.

मी वाचत गेलो. घोड्याचं नाव होतं. दोन्ही कुत्र्यांची नावं होती. आईच्या बागेतल्या गुलाबांच्या जातीसुद्धा होत्या. शेवटच्या पानावर अक्षर थरथरलेलं. तिथे एक ओळ, 'मोतद्दार पाणी आणतो.' बस. बाईला माझा चेहरा पाहून काय ते कळलं असावं. तिनं हलकेच वही मिटली.

"हाय," मी म्हणालो.

"काय लिवलं?"

"इमानी माणूस होता, असं लिवलं."

वडिलांनी मान हलवली आणि बाईला आणखी चहा द्यायला सांगितलं. मला मात्र वाटलं, पेंटची चूक मी झकास निस्तरली.

त्या वर्षीही साहेबाचं पान त्यांनी स्वतःच्या हातानं वाढलं. थंडीत ते गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले, तेव्हा मी बायकोजवळ कबूल केलं की म्हाताऱ्या बापाशी मी खोटं बोललो.

ती सतरंजीची घडी घालत होती. घडी पुरी झाल्यावर म्हणाली, "त्यायले माहीत होतं. मामंजी मले त्याच दिवशी म्हणे, वहीत नाव राह्यलं असतं तर यानं साऱ्या गावाले मोठ्यानं वाचून दाखवलं असतं. मी म्हटलं, मंग तुमी बोलले काऊन नाही? तर म्हणे, जमवलं बिचाऱ्यानं कसंतरी, राहू दे."