जुलैमधली मोजणी

जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्या किनाऱ्यावर पक्षी नसतात, हे मला माहीत होतं. आमच्या ऑफिसात हे माहीत असलेला मी एकटाच होतो. तरी मी साइटवर गेलो, दोन तास उन्हात उभा राहिलो आणि फॉर्मवर लिहिलं: पक्षी, उल्लेखनीय संख्या नाही. खाली सही केली. हे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं तिला तर मुळीच नाही.

बायको नाशिकच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. नव्वदचं दशक संपता संपता ती आणि मुलगी माझ्यामागून दोहाला आल्या, तेव्हा तिच्या व्हिशावर स्पष्ट छापलेलं होतं की नोकरी करता येणार नाही. बिन महमूद भागातल्या फ्लॅटमध्ये पहिले सहा महिने तिने भिंतीकडे बघत काढले असं मला वाटतं. ती म्हणते, मी पडदे शिवत होते.

मग एका शुक्रवारी आम्ही शहराबाहेर समुद्र बघायला गेलो. ओहोटी होती. लांबवर चिखल उघडा पडला होता आणि त्यावर शेकडो बारके करडे पक्षी, शिवणयंत्राची सुई चालावी तशा चोची मारत पळत होते. ती गाडीतून उतरली ती दीड तास परतलीच नाही. मुलगी मागच्या सीटवरून कुरकुरली, "बाबा, इट स्टिंक्स हिअर. कॅन वी गो?"

पुढच्या शुक्रवारी बायकोकडे वही होती आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेली दुर्बीण. त्यानंतर चार वर्षं आमचे शुक्रवार तिथेच गेले. भरती चढू लागली की पक्षी काठाकडे सरकतात, तेव्हा मोजायचं. ती दहा-दहाचे गट करून आकडा बोलायची, मी लिहायचो.

"ह्यातले बरेचसे इथले नाहीतच," ती सांगायची. "अंडी घालतात पार सैबेरियाच्या उत्तरेला. तिथे जूनमध्ये जेमतेम बर्फ हटतं. इथल्या चिखलातले किडे खाऊन अंगावर चरबी चढवायची आणि मे संपायच्या आत उडायचं. इथे उपाशी राहिले तर तिथे घरटं कसलं करतायत!"

तिचा खरा जीव सप्टेंबरात. तेव्हा त्या वर्षीची पिल्लं पहिल्यांदा येतात. त्यांच्या पाठीवरच्या पिसांना फिकट किनार असते, कोऱ्या लुगड्याच्या काठासारखी. म्हाताऱ्यांत पिल्लं किती मिसळलीयत ते बघून ती तिकडचा उन्हाळा कसा गेला ते सांगायची. तिकडे लेमिंग नावाचे आखूड शेपटीचे उंदीर असतात. ते उदंड झाले की कोल्ह्यांची पोटं त्यांच्यावरच भरतात आणि पक्ष्यांची पिल्लं वाचतात. उंदीर संपले की कोल्हे घरट्यांकडे वळतात.

"आणि उंदीर बर्फाच्या जिवावर," ती म्हणायची. "थंडीत ते बर्फाखाली बिळं करून राहतात, तिथेच वाढतात. बर्फ मऊ पडून पुन्हा गोठलं की त्यांचं काही खरं नाही. आणि बर्फ लवकर गेलं तर किडेही लवकर निघतात. पिल्लं अंड्यातून बाहेर येईतो पंगत उठलेली."

"म्हणजे तू दोहात बसून सैबेरियातल्या उंदरांची खानेसुमारी करतेस," मी म्हणालो.

"करतेच. तुमच्या ऑफिसच्या सर्व्हेपेक्षा बरी असते."

त्याच किनाऱ्यावर भराव टाकायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं. परवानगीसाठी तिथे कोणते पक्षी-प्राणी आहेत याचा सर्व्हे लागतो, आणि त्याची कागदपत्रं जमवणं माझ्याकडे होतं. तो एप्रिलमध्ये व्हायचा होता, बोट मिळेना म्हणून लांबला. बायकोने मे महिन्यात चारही वर्षांचे आकडे सुवाच्य इंग्रजीत उतरवून माझ्या हातात दिले. बावीस पानं होती. "ऑफिसात द्या. माझं नाव नका घालू. आकडे बघितले की त्यांना कळेल."

मी ते कागद घेऊन मीटिंगला गेलो. ते फाइलच्या तळाशी होते. आमचे ड्राफ्ट्समन रत्नागिरीकडचे, वयाने मोठे, मनाने फार चांगले. मी बसतोय तोच म्हणाले, "काय पाखरूशेठ, ह्या शुक्रवारी किती झाली? आमच्या खाडीत ह्या पाखरांना कुत्रं विचारत नाय, आणि तुम्ही गाडी काढून मोजायला जाताय!" मराठी न कळणारेही हसले, कारण त्यांनी हाताने चोच करून दाखवली होती. मीही हसलो.

साहेबांनी विचारलं, तू जातोस ना तिकडे, काही आहे का तिथे?

सगळे माझ्याकडे बघत होते. 'माझी बायको मोजते' एवढंच म्हणायचं होतं. त्या खोलीत आठ इंजिनियर होते आणि मला ते वाक्य उच्चारायची लाज वाटली.

"नथिंग मच," मी म्हणालो.

"मग सर्व्हे जुलैत उरकून टाक. यल्ला, चला पुढे."

नोकरी जाण्याची भीती मला नव्हती. असती तर आज हे लिहायला सोपं गेलं असतं. कागद मी टेबलाच्या खालच्या खणात टाकले.

जुलैत आमची अर्धी बिल्डिंग रिकामी असते. शाळांना सुट्टी लागली की बायकामुलं आपापल्या गावी जातात. माझ्या दोघी नाशिकला गेल्या होत्या आणि पक्षी बर्फाच्या मुलखात अंड्यांवर बसले होते. त्या चिखलावर मला सहा दिसले. एक लंगडत होता. फॉर्म तिथेच बॉनेटवर भरला.

रविवारी तिचा फोन आला. "किनाऱ्यावर कुणी मागे राहिलंय का हो?"

"गेलोच नाही. ऊन किती आहे इथे," मी म्हणालो.

पुढच्या मार्चमध्ये तिथे कुंपण पडलं आणि डंपर सुरू झाले. आम्ही गाडीतच बसून होतो.

"माझे कागद दिले होते ना?"

"दिले होते."

"मग?"

"बघितले त्यांनी. धरले नाहीत."

तिने गाडीची काच वर केली. मग म्हणाली, "पद्धत शास्त्रीय नाही म्हणाले असतील."

"तसंच काहीतरी."

"दुर्बीणही साधी आहे. चुकलं असेल माझं."

इथेही मला बोलता आलं असतं. मी गाडी वळवली.

सप्टेंबरात आम्ही उरलेल्या पट्ट्यावर गेलो. पक्षी अगदी थोडे होते आणि फिकट काठाची पिल्लं जवळजवळ नव्हतीच. ती दुर्बीण खाली घेऊन म्हणाली, "इतके कमी? भरावामुळे असेल का हो?"

मी म्हणालो, "तिकडे उंदीर कमी झाले असतील यंदा."

तिनेच मला शिकवलेलं. चार वर्षं जे तिने जीव लावून सांगितलं, ते मी ढालीसारखं पुढे धरलं. कदाचित त्या वर्षी उंदीर खरंच कमी असतीलही, मला काय माहीत. "असेल," ती म्हणाली. "बर्फाचा आता भरवसा राहिला नाही." आणि वही मिटली. पुढच्या शुक्रवारी म्हणाली, ऊन फार आहे, नको. त्याच्या पुढच्याही शुक्रवारी. मग आम्ही दोहातच अल हिलाल भागात राहायला गेलो आणि मोजणी हा विषय घरातून गेला.

सहा वर्षांनी एक नवं जोडपं चहाला आलं, पुण्याचं. त्यातल्या मुलीने प्राणिशास्त्र केलेलं. इथे पक्षी फार येतात ना, तिने विचारलं. बायको हसत हसत म्हणाली, "येतात की. मी मोजायचेसुद्धा. पण माझे आकडे चुकीचे निघाले, मग दिलं सोडून."

ती हसत होती म्हणून मला सहन झालं नाही. पाहुणे गेल्यावर ती कप विसळत होती, तिथे जाऊन मी सांगितलं. खणातले कागद, मीटिंग, जुलै, सगळं.

तिने नळ बंद केला. "म्हणजे आकडे कुणी बघितलेच नाहीत?"

"नाही."

"चुकलेत असं कुणी म्हणालंच नव्हतं?"

"नाही."

पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. राग नंतर आला. ती सुटका मी विसरू शकत नाही.

"आणि ते उंदीर?"

"तेही मीच."

"का पण?"

"सगळ्यांपुढे तुझं नाव घ्यायची लाज वाटली."

"चार वर्षं शेजारी उभं राहून आकडे लिहीत होतात, तेव्हा नाही वाटली?"

"तिथे कुणी बघत नव्हतं," मी म्हणालो. खरं तेच होतं.

तिने उरलेले कप विसळले. शुक्रवारी सकाळी तिने गाडीची किल्ली घेतली. लायसन्स तिच्याकडे होतंच. उत्तरेला अजून एक चिखलाचा किनारा आहे, तिकडे जाते म्हणाली.

"मी येऊ लिहायला?"

"नको."

दुपारी आली तेव्हा चपला चिखलाने भरलेल्या होत्या. तेव्हापासून ती दर शुक्रवारी एकटी जाते. जेवायला वाढते, मुलीच्या फोनबद्दल बोलते, घरात काही अडत नाही. सप्टेंबर येऊन गेला. बर्फाच्या मुलखातून यंदा पिल्लं किती आली, हे तिने मला सांगितलेलं नाही, आणि विचारायला मला तोंड नाही.